पत्रकात राहून गेलेली ओळ

आज सकाळी तुम्ही फ्लशचं बटण दाबलंत, ते पाणी या क्षणी कुठे आहे?

हा प्रश्न मी गेली सहा वर्षं भेटेल त्याला विचारते. उत्तर बहुतेक एकच येतं. "गेलं की." कुठे गेलं? "खाली." खाली म्हणजे कुठे? इथपर्यंत आलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो. नळाला पाणी कमी आलं की सोसायटीची तातडीची मीटिंग भरते. घरातून बाहेर पडलेल्या पाण्यासाठी मीटिंग भरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

खाली मी असते. पनवेलमधल्या चार विंगच्या एका सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे, तो मी चालवते. पार्किंगच्या मागे, बागेखाली आमच्या टाक्या आहेत. वर मुलं घसरगुंडीवर असतात आणि त्यांच्या पायाखाली तीनशे घरांचं पाणी फिरत असतं. गच्चीवर गेलात तर एका बाजूला न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरची रांग दिसेल. दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल, आमच्या प्लँटचं पाणी घेऊन जाणारा नाला, आणि नाल्याच्या कडेला सुमनकाकीचं तळं. ते तळं वाचलं कसं, आणि मध्ये एकदा माझ्याच हातून मरता मरता कसं राहिलं, ते सांगायचं आहे.

नोकरीसाठी माझी मुलाखत सोसायटीचे सचिव सबनीस काकांनी घेतली. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं, आणि प्लँटचा उल्लेख "तो खालचा विभाग" असा करणारे. माझी रसायनशास्त्राची पदवी त्यांनी दोनदा वाचली आणि जरा अवघडून विचारलं, "तुम्हाला वासाची सवय आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि ज्याला सवय आहे त्याला ठेवूही नका. प्लँट नीट चालला तर वास येत नाही. वास आला की काहीतरी बिघडलंय. सवय झालेल्या माणसाला ते कळणार कसं?"

काकांनी हिरव्या पेनाने काहीतरी लिहिलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाले.

धंदा थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही पाण्यात औषध टाकतो. आम्ही जिवाणू पाळतो. गाई पाळाव्यात तसे. तुमच्या घरातून जे येतं तो त्यांचा चारा. आधी जाळीवर कपडा, केस, प्लास्टिक अडवायचं. मग पाणी एका मोठ्या टाकीत जातं, तिथे ब्लोअर नावाचं यंत्र तळातून हवा सोडत राहतं. हवेवर आणि तुमच्या घाणीवर जिवाणू वाढतात, घाण खातात, त्यांचे पुंजके होतात. पुढच्या टाकीत पाणी शांत केलं की हे पुंजके गाळ होऊन तळाला बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. ते गाळून नाल्यात सोडायचं. रोज सकाळी मी काचेच्या लांब नळकांड्यात हवेच्या टाकीतलं पाणी भरते आणि अर्धा तास हलवत नाही. खाली चॉकलेटी थर, वर निवळशंख पाणी, आणि वास ओल्या मातीचा, असं झालं की गुरं धडधाकट आहेत. या अर्ध्या तासात मी चहासुद्धा पीत नाही. समोर बसून बघते.

जाळीवर काय काय सापडतं ते विचारू नका. डी विंगचे एक गृहस्थ तीन दिवस रोज येऊन आपली कवळी आली का म्हणून चौकशी करत होते. चौथ्या दिवशी आली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि हळूच विचारलं, "उकळून घेतली तर चालेल ना?" मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही काय करणार आहात ते मला सांगू नका." दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या येतात. मी खाते. स्वयंपाक त्यांच्या सूनबाई करतात, हे मी विचारून घेतलंय.

आता मुद्द्यावर येते. प्रत्येक प्लँटवर एक वॉल्व्ह असतो, बायपासचा. तो फिरवला की आत आलेलं पाणी कुठल्याच टाकीत न जाता थेट नाल्यात जातं. दुरुस्तीपुरता तो ठेवलेला असतो. पण ब्लोअर बंद पडला, वरिष्ठ फोन उचलत नाहीत, सुटा भाग यायला आठवडा आहे, आणि टाकी भरत चालली आहे, अशा वेळी एकटा ऑपरेटर तो फिरवतो. एकदा फिरवल्यावर काहीच घडत नाही. कुणी ओरडत नाही, कुणाच्या घरात पाणी तुंबत नाही. म्हणून तो तसाच राहतो. आमच्याकडे तसाच राहिला होता. मी आले तेव्हा वॉल्व्हच्या चाकावर कोळ्यांची जाळी होती, म्हणजे तो कित्येक महिने उघडाच होता. टाकीत काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. शुद्धीकरणाच्या नावाखाली आमची सोसायटी आपली सगळी घाण खाजणात ओतत होती आणि प्रवेशद्वारावर पाटी होती, "हरित जीवनशैली". मला संतापाने झोप लागायची नाही.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात सुमनकाकी गेटवर आली. पन्नाशी ओलांडलेली, कासोटा घट्ट मारलेला, हातात पिशवी. वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं. तिने पिशवीतून हातभर लांब मेलेला मासा काढला आणि वहीवर ठेवला.

"ह्याचा नाव लिव," ती म्हणाली. "जिताडा. तुमचे गटाराचे पान्यान मेला."

जिताडा आमच्या रायगडात नुसता मासा नसतो. गावतळ्यात पिल्लं सोडायची, दोन-तीन वर्षं वाढवायची, आणि मग पहिला मासा मानाच्या घरी पाठवायचा, अशी इथली रीत. काकीच्या सासऱ्यांनी खोदलेलं ते तळं. बांधात एक लाकडी फळी असते, तिला उघाडी म्हणतात. ती उचलली की नाल्याचं पाणी आत येतं, पाडली की बंद. बिल्डिंगी उभ्या राहिल्यापासून काकी उघाडी उचलायला घाबरत होती. पावसाचं पाणी आटलं की तळं आटायचं. त्या वर्षी नाइलाजाने तिने फळी उचलली आणि सगळे मासे गेले.

मी तिला खाली नेलं. वॉल्व्ह दाखवला. म्हटलं, "काकी, हा उघडा राहिलाय. आजपासून बंद करते."

"तू बंद करनार नि तुजे मागशी येल तो उगडनार."

तिचं बरोबर होतं. मी साखळी आणली, चाकाला गुंडाळली, कुलूप लावलं. एक किल्ली माझ्या गळ्यात. दुसरी मी तिच्या हातात ठेवली. सबनीस काकांना हे कळल्यावर त्यांनी लाल पेन काढलं. "सोसायटीच्या मालमत्तेची किल्ली बाहेरच्या बाईकडे?"

"काका, पाणी बाहेर जातं ना? मग किल्लीही जाऊ दे," मी म्हटलं.

जिवाणू जगवायला दोन महिने लागले. दुसऱ्या एका चालू प्लँटवरून दुधाच्या कॅनमध्ये गाळ आणला, शेण आणलं. शेण काकीच्याच गाईचं. "माजे गाईचा शेन तुमचे टाकीन?" ती तोंडावर पदर धरून हसली, पण दिलं. ब्लोअर दुरुस्त केला तो सोसायटीचे मेकॅनिक रफीकभाई यांनी. पाइप आणि मोटारी यातला त्यांचा हात असा, की पंपावर तळवा ठेवून ते त्याचं दुखणं सांगतात. एका सकाळी नळकांड्यात तळाला चॉकलेटी रेघ बसली. रफीकभाई वाकून वास घेत म्हणाले, "मॅडम, सुबहानल्ला. शेताचा वास येतोय."

काकीने मात्र माझ्या नळकांड्यावर विश्वास ठेवला नाही. तिने घमेलं भरून आमचं पाणी नेलं, त्यात बोटभर चार मासे सोडले आणि ते अंगणात आठ दिवस ठेवलं. नवव्या दिवशी तिने उघाडी उचलली. त्या दिवशी मी प्लँटवर एकटीच होते आणि कुणी बघत नाही असं पाहून टाकीभोवती एक फेरी नाचत घातली. पुढची तीन वर्षं तळं आमच्या पाण्यावर भरत राहिलं. नव्याने सोडलेले जिताडे वाढले. इतके, की संध्याकाळी बांधावर उभं राहिलं तर पाणी कापत जाणारी पाठ दिसायची.

इथे मी थांबले असते तर ही साधी यशाची गोष्ट झाली असती. पण मी पत्रक काढलं.

पत्रकं माझ्या रक्तात आहेत. बाबांचा जुन्या पनवेलात छोटा छापखाना होता. तो चालायचा लग्नपत्रिकांवर, पण बाबा वाट बघायचे पत्रकांची. जमिनीचा लढा, मिठागरांचा प्रश्न, शाळेची फीवाढ, कुणाचंही पत्रक असो, आमच्याकडे छापलं जायचं आणि घड्या मी घालायचे. अक्षरओळख मला "जाहीर आवाहन" या शब्दांवरून झाली. त्यामुळे काही खटकलं की माझा हात कागदाकडे जातो.

गेल्या वर्षी खटकले ते गणपती. सोसायटीतल्या बहुतेक मूर्ती प्लास्टरच्या. विसर्जनानंतर खाडीच्या काठावर त्या अर्धवट पडलेल्या मला बघवत नव्हत्या. शाडूची मूर्ती आणा हे मी सांगतच होते, पण मूर्ती आधीच ठरलेल्या. मग उपाय सांगितला. बादलीत पाणी घ्यायचं, मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले वापरतात तो सोडा, घालायचा, आणि घरीच विसर्जन करायचं. दोन दिवसांत प्लास्टर विरघळतं. मी झणझणीत पत्रक लिहिलं. "आपला देव खाडीच्या गाळात लोळवू नका" अशी सुरुवात.

बाबा आता छापत नाहीत, पण माझा मजकूर वाचतात. चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले, "मुक्ता, हे अर्धं आहे."

"काय राहिलं?"

"विसर्जन झाल्यावर वाचणाऱ्याच्या हातात काय उरतं ते लिही. पत्रक तिथे संपतं."

मला वाटलं, बाबांना शेवटी एखादी घोषणा हवी आहे. मी म्हटलं, "समाधान उरतं." पत्रक तसंच गेलं.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. सबनीस काकांनी सोड्याची पोती मागवली आणि वहीत नोंद ठेवून घरोघरी वाटली. एकशे पाच घरं. एवढ्या घरांनी एका कागदावर विश्वास ठेवला, याची मला धुंदी चढली होती.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले आणि जिन्यातच डोळे चुरचुरले. रफीकभाई जाळीपाशी नाकाला रुमाल लावून उभे.

"खुदा कसम, हा वास गटाराचा नाय," ते म्हणाले. "कुणाच्या घरी केस रंगवायचं दुकान काढलंय काय?"

तो अमोनिया होता. मूर्ती विरघळली की खाली खडूसारखा पांढरा साका बसतो आणि वर जे पाणी राहतं त्यात अमोनिया भरलेला असतो. शेतात घातलं तर ते खत आहे. भाताला शेतकरी हेच खत विकत आणून घालतो. पण एकदम प्लँटमध्ये आलं तर माझे जिवाणू गुदमरतात, आणि तसंच पुढे गेलं तर मासे मरतात. पदवी मी याच विषयात घेतली आहे. पत्रकात "बादलीतल्या पाण्याचं काय करायचं" ही ओळच नव्हती. त्यामुळे लोकांनी साहजिक वाटेल ते केलं, बादली मोरीत ओतली.

सबनीस काकांची वही मागवली. दीड दिवसाचे गणपती फक्त अकरा. एवढ्यावर ही अवस्था. बाकीचे चौऱ्याण्णव सगळे गौरीबरोबरचे. ते आदल्या संध्याकाळी बादलीत बसले होते. दोन दिवसांत ते विरघळणार आणि त्यांच्या बादल्याही मोरीत जाणार. अकरा बादल्यांनी डोळ्यांत पाणी आणलं होतं. चौऱ्याण्णव बादल्यांनी प्लँट मेला असता, आणि नाल्याच्या टोकाला तीन वर्षांचे जिताडे.

पहिलं काम सर्वांत अवघड होतं. मी नाल्याच्या कडेने चालत काकीकडे गेले. पाऊस उघडला होता, ऊन कडक, आणि तिने नेमकी उघाडी उचलून ठेवलेली.

"काकी, फळी पाड. पाणी खराब आहे."

तिने आधी फळी पाडली. मग विचारलं, "कोनी क्येला?"

"मी."

मी सगळं सांगितलं. पत्रक, सोडा, राहून गेलेली ओळ. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे देव तुमचा, कागुद तुजा, नि मरनार माजा जिताडा."

तिने तळ्याकडे हात केला.

"तल्यान पानी कमी हाय. उनाचा मासा वर तोंड काडतंय, बग. दोन दिस कल काडीन. तिसरे दिशी मना पानी लागल. तिसरे दिशी तुजा पानी बरा नाय जाला, तर ही तुजी किल्ली घे नि परत हिते येव नको."

तिने कनवटीची किल्ली काढून दाखवली आणि परत ठेवली. मी निघाले तसं तिने मागून हाक मारली.

"ते पानी खत हाय म्हंतेस ना?"

"हो. पातळ करून घातलं तर."

"मंग माजे भाताला घाल. बांदापल्याडचा तुकडा हाय. भात जलला तर तुजा खोटा, वाडला तर तुजा खरा."

तिने मला टोमणा मारला होता. मी तो आराखडा म्हणून घेतला.

परत येऊन सबनीस काकांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुसरं पत्रक काढायचंय. काका हादरले. "लोक काय म्हणतील? आठ दिवसांपूर्वी आपणच सांगितलं. आता सांगायचं की चूक? समितीची प्रतिष्ठा..."

"समितीची नाही, माझी चूक. तसंच छापायचं. माझ्या नावानिशी."

त्यांनी तिन्ही पेनं खिशात चाचपली आणि शेवटी निळं काढलं. पत्रक चार ओळींचं होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान. "बादलीचं काय करायचं हे मी लिहायला विसरले. ते पाणी मोरीत ओतू नका, संडासात ओतू नका. विरघळलं की बादली पार्किंगमध्ये आणा, शेतात नेणार आहोत. दोन दिवस कपडे धुऊ नका, भांड्यांना पाणी जपून वापरा, टाकीला विसावा हवा आहे." खाली माझं नाव. आवाहन नाही, मर्दुमकी नाही, खाडीचे मारेकरी वगैरे कुणी नाही.

पण दाराखालून सरकवलेलं पत्रक चपलेखाली जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही दारं वाजवली. मी ए आणि बी विंग, काका सी आणि डी. ज्यांनी सोडा नेला त्यांची यादी काकांच्या वहीत होतीच. "विम्यात आम्ही याला जोखीम नोंदणी म्हणायचो," लिफ्टमध्ये ते मला म्हणाले. हा माणूस एवढ्या उत्साहात मी आधी कधी पाहिला नव्हता.

बी विंगमध्ये एका बाईंनी दार अर्धवट उघडलं. "अहो, बाप्पाचं पाणी शेतात? पाय लागेल ना कुणाचा."

"तुम्ही कुठे ओतणार होतात?"

आतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, "सांग की. संडासात म्हणाली होतीस."

"तिथे पाय लागत नाही म्हणून," सूनबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. सासूबाई काठी टेकत दारात आल्या. "भाताला घालणार? मग तांदळात येईल बाप्पा परत. घेऊन जा." त्यांची बादली सर्वांत आधी खाली आली.

एक गृहस्थ भडकले. आठ दिवसांत दोन हुकूम, तुम्हाला विज्ञान तरी येतं का, म्हणाले. मी म्हटलं, "येतं. लिहायला चुकलं." भांडायला पुढे काही उरलंच नाही. मी जन्मभर समोरच्याची चूक दाखवून माणसं हलवायला बघितली. आपली दाखवली की ती जास्त लवकर हलतात, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

खाली रफीकभाईंनी दोन्ही ब्लोअर एकदम लावले. बाहेर जाणारं पाणी आम्ही नाल्यात सोडायचं थांबवलं आणि तेच परत पहिल्या टाकीत फिरवत ठेवलं, म्हणजे अमोनिया पातळ होईल आणि जिवाणूंना वेळ मिळेल. टाकी काठाला आली. बायपासची साखळी माझ्या हाताच्या अंतरावर होती. किल्ली गळ्यात होती. रफीकभाई एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तिकडे बघू नका. घरांवर भरवसा ठेवा." दुपारी पाण्याची पातळी चढायची थांबली. तीनशे घरांनी खरंच कपडे धुतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्ट बादल्यांनी भरून उतरू लागल्या. पार्किंगमध्ये रांग लागली. कुणीतरी सवयीने "गणपती बाप्पा" म्हटलं आणि तीन मजल्यांवरून "मोरया" आलं. काका वहीत खूण करत होते. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव. एक घर कुलूपबंद होतं, मंडळी रत्नागिरीला, बादली आतच, म्हणजे तिचा धोका नव्हता. चौऱ्याण्णवावी घेऊन आले ते भडकलेले गृहस्थ. "जड आहे, सांभाळून," एवढंच बोलले आणि झाकण लावलेली बादली अलगद खाली ठेवली. वरचं पाणी आम्ही निळ्या पिंपांत भरलं आणि टेम्पोने काकीच्या बांधावर नेलं. तिच्या दिराने पाटाच्या पाण्यात सोडून ते तुकडाभर पसरलं. पांढरा साका बागेतल्या झाडांच्या आळ्यात गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षानळीत पाणी घेऊन तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले. अमोनिया असेल तर पाणी पिवळं होतं. दोन दिवसांपूर्वी ते हळदीसारखं झालं होतं. आता लिंबाच्या फोडीइतकाही रंग नव्हता. नळकांड्यात चॉकलेटी थर थोडा विस्कटलेला, पण खाली बसलेला. वास मातीचा.

काकी आली. परीक्षानळीकडे तिने बघितलंही नाही. पदराआडून घमेलं काढलं, आमच्या नळाखाली भरलं, डब्यातून बोटभर तीन मासे त्यात सोडले आणि घसरगुंडीजवळच्या सावलीत फतकल मारून बसली. मी शेजारी बसले. काका आले, उभे राहिले, मग तेही पँट सावरून खाली बसले. बी विंगच्या सासूबाई खुर्ची घेऊन आल्या. दुपारपर्यंत आम्ही एका घमेल्याकडे बघत होतो. एकदा एक मासा तिरका झाला आणि मी घमेल्यावर वाकले. काकीने पाण्यात बोट घातलं. तो झटक्यात सरळ होऊन पळाला.

"झोपला व्हता मेला," ती म्हणाली आणि उठली. "चल गो. उगाडी उचलाया ये."

फळी आम्ही दोघींनी मिळून उचलली. नाल्याचं पाणी तळ्यात शिरलं तेव्हा त्याचा आवाज झाला, भांड्यात दूध ओतल्यासारखा. थोड्या वेळाने एक रुंद पाठ त्या धारेपाशी आली, वळली आणि परत खोल गेली.

भात वाढला. त्या तुकड्याची हिरवाई शेजारच्या खाचरांपेक्षा गडद होती, रस्त्यावरून ओळखू यायची. आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी काकी आमच्या गेटवर आली. हातात ओलं पोतं. वॉचमनने वही पुढे केली. तिने पोतं सोडलं आणि हातभर जिताडा त्याच वहीवर ठेवला. त्याने शेपटी आपटली, पान भिजलं, पेन उडालं. तळ्यातला पहिला मासा. मानाच्या घरी पाठवायचा तो.

"लिव," काकी म्हणाली. "आता लिव नाव."

सबनीस काका जन्माचे शाकाहारी. त्यांनी वही पुसली, हिरवं पेन काढलं आणि आवक रकान्यात नोंद केली, "जिताडा, एक नग, जिवंत." मासा रफीकभाईंच्या घरी शिजला. आम्ही सगळे जेवलो. काका वरण-भात जेवले, पण जेवले त्याच पंगतीत. बाबाही आले होते. हात धुताना मला म्हणाले, "दुसरं पत्रक चांगलं होतं. शेवटापर्यंत गेलं होतं."

तर आता तुमच्या हातात काय उरतं ते लिहिते.

सुट्टीच्या एका सकाळी खाली उतरा. तुमच्या इमारतीचा प्लँट कुठे आहे ते शोधा आणि चालवणाऱ्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारून विचारा, बायपासचा वॉल्व्ह कुठला, तो बंद आहे का, किल्ली कुणाकडे असते. प्लँट नसेल तर गटाराचं तोंड शोधा. मग तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या कडेने चालत निघा. नाला वळेल तिथे वळा. जिथे पहिला माणूस त्या पाण्याकाठी राहताना, काही पिकवताना, काही पाळताना भेटेल, तिथे थांबा. त्यांना सांगा की हे पाणी माझ्या घरातून येतं. आणि त्यांचं नाव विचारून या.